दाब सोसणारे घडीव पोलाद : निवड कशाची करायची?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ. पडाव, ग्वाल्हेर)



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ग्वाल्हेरच्या व्यासपीठावर संगीत शोभते, इतिहास शोभतो. पोलादासारखा रुक्ष विषय शोभेल की नाही याची मला शंका होती. परंतु आयुष्यभर जे काम केले त्याविषयीच प्रामाणिकपणे बोलावे, असे संयोजकांनी सुचवले आणि मी ते मान्य केले. माझे काम तपासनिसाचे. दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीचे घडीव भाग कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तपासायचे आणि मगच त्यावर शिक्का मारायचा, हे काम मी केले.

हा विषय या गावाला अगदीच परका नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्याच संस्थानाने दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभारली. आपल्या पडावापासून हाकेच्या अंतरावरच्या स्टेशनातून ती चिमुकली गाडी २०२० पर्यंत धावत होती. येथील जुन्या पिढीने तिची वाफेची इंजिने पाहिली आहेत. वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेला बॉयलरच. बिर्लानगरच्या गिरण्यांची धुराडीही आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असतील. जिथे वाफ तिथे दाब, आणि जिथे दाब तिथे तो सोसणारे पोलाद आलेच.

मला जे सांगायचे आहे ते आधीच एका वाक्यात मांडतो. दाबाखालच्या कामासाठी साध्या कार्बन पोलादाचे घडीव भाग निवडताना पोलादाची जात आणि त्याची ताकद एवढेच पाहून भागत नाही. घडवल्यानंतर ते कोणत्या उष्णतेतून, किती वेळ आणि कशा रीतीने गेले, हे पाहावे लागते. पुढचे सारे विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

प्रथम घडीव भाग म्हणजे काय ते पाहू. लोखंडाला आकार देण्याच्या दोन प्राचीन रीती आहेत. एक ओतण्याची, दुसरी घडवण्याची. ओतलेल्या वस्तूत वायूची छिद्रे आणि आकसल्यामुळे झालेल्या पोकळ्या राहू शकतात. लोहार तापवलेला तुकडा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकतो, तेव्हा आतल्या पोकळ्या मिटतात आणि धातूची ठेवण त्या आकाराला अनुसरून वळते. आजचे कारखाने हेच काम शेकडो वा हजारो टनांच्या प्रेसखाली करतात. दोन नळ नटबोल्टने जोडण्यासाठी त्यांच्या तोंडाशी असणारी जाड चकती, म्हणजे फ्लँज, तसेच व्हॉल्व्हचे अंग, बॉयलरच्या ड्रमला नळ जोडणारी तोटी, उष्णता-विनिमयकातील नळ्या धरून ठेवणारी जाड थाळी हे भाग बहुधा घडीव असतात. दाबाच्या यंत्रणेत जिथे जाडी बदलते, जिथे भोक पडते, जिथे सांधा येतो, तिथेच ताण एकवटतो. आणि नेमके तिथेच घडीव भाग बसवलेले असतात.

असा भाग फुटला तर काय होते, हे मानवाने फार महागात शिकून घेतले आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालात बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत ब्रॉकटन येथील जोड्यांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बॉयलर फुटला आणि ५८ माणसे दगावली. त्या व तशा इतर दुर्घटनांतून तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर-संहिता जन्मली. आपल्याकडे १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा व १९५० ची नियमावली आली. त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. नियमांची ही पुस्तके कोरडी वाटतात, पण त्यांतील बहुतेक कलमांमागे कुठले तरी उद्ध्वस्त आवार उभे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. उष्मोपचार म्हणजे काय? घरातले उदाहरण घ्या. साखरेचा पाक सावकाश, न हलवता निवू दिला की खडीसाखरेचे मोठमोठे खडे तयार होतात. तोच पाक घोटत घोटत निववला की बारीक, मऊ दाणा पडतो. साखर तीच, पाणी तेच. फरक केवळ निवण्याच्या रीतीचा. पोलादाचेही असेच आहे. घडवण्यासाठी ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. एवढ्या उष्णतेत त्याचे अंतर्गत कण फुगून मोठे होतात. घडवणे संपल्यावर तुकडा जमिनीवर ढिगात टाकून दिला, तर तो हळूहळू निवतो आणि कण जाडेभरडेच राहण्याचा धोका असतो. परंतु तोच तुकडा पुन्हा सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवला, दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक तास या ढोबळ हिशेबाने त्या तपमानावर मुरू दिला आणि मग सुटा ठेवून मोकळ्या हवेत निववला, तर जुने जाड कण मोडून नवे बारीक कण जन्माला येतात. या क्रियेला नॉर्मलायझिंग म्हणतात.

दुसरी रीत आपल्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विळ्याला, कुऱ्हाडीला 'पाणी देणे' म्हणतात ती. तापलेला तुकडा पाण्यात वा तेलात बुडवून एकदम निववायचा आणि मग सुमारे ६०० अंशांवर वा त्याहून थोडे अधिक पुन्हा तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा. या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. ते न करता केवळ पाणी दिलेले पोलाद कठीण होते, पण काचेसारखे तडकते.

येथे ताकद आणि चिवटपणा यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. ताकद म्हणजे ओढ सोसण्याची शक्ती. चिवटपणा म्हणजे एखादी लहानशी चीर पडली असताना ती पसरू न देण्याची शक्ती. काच बऱ्यापैकी ताकदवान असते, पण चिवट नसते. चिवटपणा मोजण्याची रीत फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाते. १० मिलिमीटर चौरस नमुन्याला २ मिलिमीटर खोल खाच पाडून त्यावर लंबकाचा घाव घालायचा आणि तुकडा मोडताना किती ऊर्जा खर्ची पडली ते ज्यूलमध्ये मोजायचे. साध्या कार्बन पोलादाचा एक विशेष असा की तपमान उतरते तशी ही ऊर्जा एका ठराविक टप्प्यात झपाट्याने घसरते. उन्हाळ्यात चिवट असलेला तुकडा थंडीत ठिसूळ होऊ शकतो. ही घसरण कुठल्या तपमानाला होईल हे बऱ्याच अंशी कणांच्या आकारावर ठरते. कण बारीक केल्याने ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. धातुशास्त्रात असा दुहेरी लाभ देणारे उपाय फार थोडे आहेत.

हा भेद व्यवहारात कसा समोर येतो, याचा एक अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. फ्लँजच्या दोन निरनिराळ्या महिन्यांतल्या मालासोबत भट्टीचे जे आलेख आले होते, ते ताडून पाहता एकाच आलेखाच्या दोन प्रती निघाल्या. दुसरा माल भट्टीत गेलाच नव्हता. मालक सुस्वभावी गृहस्थ होते. त्यांनी ताणचाचणीचा निकाल पुढे केला आणि विचारले, "साहेब, ताकद तर बरोबर आहे ना? मग अडचण कुठे आहे?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. ताकद खरोखरच बरोबर होती, रसायनही बरोबर होते. मी त्यांना एका फ्लँजमधून खाचेचा नमुना काढायला लावला. तो लंबकाखाली मोडला तेव्हा मोडलेला पृष्ठभाग साखरेच्या खड्यांसारखा चकाकत होता. त्याच फ्लँजचा उरलेला भाग रीतसर नॉर्मलायझिंग करून पुन्हा नमुना मोडला. या वेळी पृष्ठभाग राखाडी व तंतुमय होता आणि कडा वाकून बाहेर आल्या होत्या. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले. मालकांना पुढे काही सांगावे लागले नाही. सारा माल भट्टीत गेला आणि नीट होऊन आला. उष्मोपचाराची उणीव वेळीच सापडली तर ती भरून काढता येते, ही या शास्त्रातली दिलासा देणारी गोष्ट आहे.

वेळीच सापडली नाही तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडात घडले. डिसेंबर १९६५ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे इमिंगहॅमच्या अमोनिया कारखान्यासाठी बनवलेल्या एका अवाढव्य दाबपात्राची पाण्याच्या दाबाने चाचणी चालू होती. पात्राची भिंत सुमारे १५० मिलिमीटर जाड होती आणि टोकाशी घडीव पोलादाचे जाड कडे वितळजोडाने जोडलेले होते. ठरलेल्या चाचणी-दाबाच्या बऱ्याच आधी पात्र फुटले. सुमारे दोन टनांचा तुकडा चाळीस मीटरहून अधिक दूर जाऊन पडला. तपासात आढळले ते असे. वितळजोडाशेजारी, घडीव भागाच्या बाजूला, अगदी बारीक चिरा होत्या. जोडल्यानंतर ताण उतरवण्यासाठी जी उष्णता द्यायची ती त्या भागाला पुरेशी पोहोचलीच नव्हती. त्यामुळे तेथे कठीण, ठिसूळ जागा शिल्लक राहिल्या. ते पोलाद साधे कार्बन पोलाद नव्हते, मिश्रधातूचे होते. पण धडा तोच आहे. पोलादाची जात चांगली होती, जाडी भरपूर होती, आराखडाही योग्य होता. कमी पडले ते उष्णतेचे नियमन. चाचणी पाण्याची होती म्हणून निभावले. तेथे दाबलेला वायू असता तर अनर्थ कितीतरी मोठा झाला असता.

मग निवड करताना विचारायचे काय? मी तरुण अभियंत्यांना पाच प्रश्न सांगत असे. तेच येथे ठेवतो.

पहिला प्रश्न : सर्वांत कमी तपमान किती? येथे केवळ कामाचे तपमान पाहू नये. चाचणीचे आणि चालू करण्याच्या वेळचेही पाहावे. बॉयलर कामावर असताना तापलेला असतो, पण जलदाब चाचणी थंड पाण्याने होते. मे महिन्यात ४५ अंशांत होरपळणाऱ्या ग्वाल्हेरात जानेवारीची पहाट कशी असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जाड भागांची चाचणी अशा पहाटे, टाकीच्या गार पाण्याने घेऊ नये. पाणी कोमट करून घ्यावे. फ्लँजसाठी सर्वत्र चालणारे अमेरिकी मानक म्हणजे ए १०५. त्यात ताणबल किमान ४८५ मेगापास्कल मागितले आहे, परंतु ३०० वर्गापर्यंतच्या फ्लँजना उष्मोपचार सक्तीचा केलेला नाही आणि खाचेच्या चाचणीची अटही नाही. म्हणून मागणीपत्रात नॉर्मलायझिंग स्पष्ट लिहावे लागते. बाजारात अशा मालाला ए १०५ एन म्हणतात. अमेरिकी दाबपात्र-संहितेनेही अलीकडच्या आवृत्तीत हा भेद मान्य केला आहे. चाचणीविना उणे २९ अंशांपर्यंतची मुभा बारीक कणांच्या आणि उष्मोपचार केलेल्या फ्लँजनाच आहे. घडवून तसेच ठेवलेल्यांना उणे १८ पर्यंतच. त्याहून थंड कामासाठी ए ३५० मानकातील एल एफ २ घ्यावे. त्यात उष्मोपचार बंधनकारक आहे आणि पहिल्या वर्गात उणे ४६ अंशांवर सरासरी २० ज्यूल ऊर्जा सिद्ध करून दाखवावी लागते.

दुसरा प्रश्न : सर्वांत जास्त तपमान किती? साधे कार्बन पोलाद ४२५ अंशांच्या वर दीर्घकाळ वापरू नये. त्यातील कार्बाइड हळूहळू विघटित होऊन ग्रॅफाइट बनते, म्हणजे पेन्सिलीतले शिसे पोलादाच्या पोटात साठू लागते. १९४३ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगडेल वीज केंद्रात वाफेचा मुख्य नळ या कारणाने फुटला. तो तर मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा होता. हा प्रश्न महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना विशेष लागू आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सुरू झालेल्या परंपरेतील अनेक कारखाने आता सहवीजनिर्मिती करतात. त्यांचे जुने बॉयलर कमी दाबाचे होते. नवे ६७, ८७ वा ११० किलो दाबाचे असतात आणि वाफेचे तपमान ४८० अंशांच्या पुढे जाते. तेथे अतितप्त वाफेच्या नळावर क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलादच हवे. पण भांडारात जुने कार्बन पोलादाचे सुटे भाग पडलेले असतात आणि रंगरूपात दोन्ही सारखेच दिसतात. ऐन गळिताच्या हंगामात, रात्रीच्या पाळीत, घाईने चुकीचा भाग बसू नये म्हणून प्रत्येक भागावरील कोरीव खूण वाचली पाहिजे आणि धातूचे रसायन जागेवर तपासून घेतले पाहिजे.

तिसरा प्रश्न : जाडी किती? पाणी दिले तरी जाड तुकड्याचा गाभा सावकाशच निवतो. पृष्ठभागाचे गुण गाभ्यात असतीलच असे नाही. म्हणून चाचणीचा नमुना वेगळ्या लहान तुकड्यातून घेतलेला चालणार नाही. तो तेवढ्याच जाडीच्या भागातून, पृष्ठभागापासून पुरेशा खोलीवरून घेतलेला हवा. दाबपात्रांच्या मोठ्या भागांसाठी ए २६६ हे मानक आहे. त्यात उष्मोपचार सक्तीचा आहे. त्याच्या दुसऱ्या व चौथ्या श्रेणीची ताकद सारखीच, ४८५ ते ६५५ मेगापास्कल. परंतु चौथ्या श्रेणीत मँगनीज अधिक ठेवलेले आहे.

चौथा प्रश्न : वितळजोड करायचा आहे काय? ए १०५ मध्ये कार्बन ०.३५ टक्क्यांपर्यंत आणि मँगनीज ०.६० ते १.०५ टक्के चालते. समजा एका फ्लँजमध्ये कार्बन ०.३३ व मँगनीज ०.६५ आहे, दुसरीत कार्बन ०.२० व मँगनीज १.०० आहे. दोन्ही नियमात बसतात. पण कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग मिळवून तुलना केली तर पहिलीचा आकडा ०.४४ येतो, दुसरीचा ०.३७. पहिली जोडताना तडकण्याची भीती अधिक आणि थंडीत ठिसूळ होण्याचीही. दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. कार्बन कमी, मँगनीज अधिक, आणि कण बारीक ठेवण्यासाठी किंचित ॲल्युमिनियम, अशी मागणी करायला फारसा खर्च येत नाही. फक्त ती लिहावी लागते. जोडल्यानंतर ताण उतरवण्याची जी उष्णता द्यायची, ती मूळच्या टेंपरिंगच्या तपमानाहून खाली ठेवावी, नाहीतर मिळवलेली ताकद आपणच उतरवून बसतो.

पाचवा प्रश्न : पुरावा काय? प्रमाणपत्रावर 'नॉर्मलाइज्ड' असा शब्द असणे हा पुरावा नव्हे. भट्टीचा मूळ आलेख, त्यावरची तारीख, त्या खेपेतील तुकड्यांचे क्रमांक, तपमापकाच्या तपासणीची नोंद हा पुरावा. शंका आली तर एक तुकडा घासून, चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कागद खोटे बोलू शकतो; कणांची रचना तसे करू शकत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक ठिकाणी सर्वांत महाग माल मागणे हा शहाणपणा नव्हे. मुरैन्याच्या तेलगिरणीतला दहा किलो दाबाचा बॉयलर १८५ अंशांच्या आसपास वाफ देतो. तेथल्या लहान, पातळ फ्लँजना उणे ४६ अंशांची चाचणी मागणे म्हणजे गिरणीवाल्याला विनाकारण खर्चात पाडणे होय. परंतु गुणा जिल्ह्यातील विजयपूरच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे अमोनिया, हायड्रोजन आणि उंच दाब एकत्र नांदतात, तिथे एक प्रश्नही गाळून चालत नाही. निवड म्हणजे कामाची गरज ओळखणे, आणि जी गरज ओळखली ती शब्दांत लिहून, पुराव्यासह पदरात पाडून घेणे.

बंधुभगिनींनो, भट्टीचे इंधन वाचवणाऱ्याला होणारा फायदा काही रुपयांचा असतो आणि तो त्याच दिवशी हाती येतो. त्याची किंमत कधी तरी, कुठे तरी, एखादा अनोळखी फायरमन किंवा फिटर देतो. तो रात्रपाळीला त्या फ्लँजशेजारी उभा असतो आणि ती भट्टीत गेली होती की नाही हे त्याला कळायचा काही मार्ग नसतो. त्याच्या वतीने तो प्रश्न विचारणारा मधला माणूस म्हणजे खरेदी करणारा अभियंता आणि तपासनीस. या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज अशा जागांवर बसले आहेत आणि समोर बसलेल्या मुलामुलींपैकी काहीजण उद्या बसतील. त्यांना एवढीच विनंती आहे की सहीसाठी कागद पुढे येईल तेव्हा ताकदीचा आकडा वाचून थांबू नका. भट्टीचा आलेख मागा. आलेख नसेल तर सही करू नका. समोरचा रागावेल, माल एक दिवस उशिरा जाईल. तेवढे सोसण्यासारखे आहे.